एका नाडीची जेलीफिश

१९६६ साली मी चोवीस वर्षांची होते, मुलींच्या शाळेत विज्ञानाची हंगामी शिक्षिका होते, आणि माझ्याइतकी हुशार बाई पंचक्रोशीत नाही याबद्दल निदान माझ्या मनात तरी शंका नव्हती.

त्या वर्षी शाळेत कायम नोकरीची एकच जागा मंजूर झाली होती. ती कोणाला द्यायची, हे तपासनीस साहेब स्नेहसंमेलनाला येऊन ठरवणार होते. मी घरी जाहीर करून टाकलं, "जागा माझीच! असं काही दाखवीन की साहेब तोंडात बोट घालतील!"

"घालोत बापडे. आधी हात धुतले म्हणजे झालं," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसभर शिवणयंत्रावर असायच्या आणि ओठांत टाचण्या धरूनच बोलायच्या. त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही टोचायचं.

माझा बेत असा होता: जेलीफिशचा सगळा जन्मप्रवास मुलींकडून रंगमंचावर करून दाखवायचा! मी सासूबाईंना समजावून सांगितलं, "अंड्यातून इवलासा जीव निघतो. तो पोहत पोहत जाऊन खडकाला चिकटतो. तिथे त्याची नळी होते, वर तोंड, तोंडाभोवती मिशा. मग त्या नळीला आडव्या खाचा पडत जातात आणि तिची होते चकत्यांची चळत. बशा रचाव्यात तशी! वरची चकती सुटते, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. प्रत्येक चकतीची पुढे जेलीफिश होते."

"म्हणजे एकीला चळतीनं पोरी?"

"हो."

"आणि बाप?"

"तो आधीच कुठेतरी पोहत निघून गेलेला असतो."

"हं. इथे निदान खुर्चीत तरी आहे," असं म्हणून त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी वर्तमानपत्र आणखी थोडं वर धरलं.

आठ चकत्यांसाठी सासूबाईंनी जुन्या पडद्यांच्या आठ गोल झालरी शिवल्या. मुलींच्या कमरेला त्या बांधायचं कामही त्यांनीच मागून घेतलं. मी म्हटलं, चला, एक काळजी मिटली!

संमेलनाच्या सकाळी मोठी जेलीफिश होणाऱ्या मुलीला गालफुगी झाली. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, उठल्या. "त्यात काय? मी होते! माझ्याशिवाय या शाळेत काही हललंय का कधी?"

मोठ्या बाई नावाप्रमाणेच होत्या. पारदर्शक कागद लावलेली, रिबिनी सोडलेली छत्री घेऊन त्या रंगमंचावर आल्या, आणि आल्या त्या पहिल्याच प्रवेशात! खरं तर मोठी जेलीफिश शेवटी येते. पण हे त्यांना सांगणार कोण?

निवेदन एका मुलीकडे होतं. तिचा आवाज असा, की तिला सगळे भोंगाच म्हणायचे. निवेदन मी लिहिलं होतं, अर्थात गालफुगीच्या आधी. मोठी जेलीफिश दिसताच भोंगानं थेट शेवटचं पान काढलं.

"पाहा ही जेलीफिश!" भोंगा गरजली. "हिला मेंदू नसतो!"

छत्री जागच्या जागी थबकली.

"हिला हृदय नसतं! हाडं नसतात! तरीही ही डौलात तरंगत असते! हिला तोंड एकच. त्याच तोंडानं ही खाते, आणि नको ते सगळं त्याच तोंडानं बाहेर टाकते!"

शिक्षकांच्या रांगेत खोकल्याची साथ आली. छत्रीखालून आवाज आला, "हे कोणी लिहिलंय?"

मी पडद्यामागे पडद्याचाच रंग धारण केला आणि ओरडले, "चळत! चळत आणा!"

मागचा पडदा सरकला. बाकांच्या पायऱ्यांवर आठ मुली एकीखाली एक उभ्या होत्या. वा, काय दिसत होती चळत! पहिल्या रांगेत साहेब कौतुकानं पुढे झुकले. मी खूण केली, आणि सगळ्यात वरच्या चिमुरडीनं, आमच्या चिमणीनं, थेट खाली उडी मारली.

तिच्यामागे दुसरी खेचली गेली. दुसरीमागे तिसरी. बघता बघता आठही जणी गाडीच्या डब्यांसारख्या खडखडत खाली!

"सासूबाई! हे काय?"

"एकच नाडी घातलीय सगळ्यांना," विंगेतून त्या शांतपणे म्हणाल्या. "चळत म्हणालीस ना? मग सुटी कशी ठेवायची? पोरी पडल्या असत्या!"

चिमणीला सांगितलं होतं, सुटलीस की गोल गोल पोहायचं. गुणी पोर! ती पोहत सुटली. पहिल्या फेरीत नाडीनं मोठ्या बाईंना गुंडाळलं. दुसऱ्या फेरीत चिमणी रंगमंचाच्या पायऱ्या उतरली आणि मोठ्या बाई, छत्री, सात चकत्या अशी सगळी वरात तिच्यामागे खाली आली. तिसऱ्या फेरीत साहेब खुर्चीसकट गुंडाळले गेले.

"आई गं!" साहेब ओरडले. छत्रीच्या रिबिनी सासूबाईंनीच टाचल्या होत्या, आणि टाचण्या काढायला विसरल्या होत्या.

माझी कायम नोकरी त्या गाठोड्यात गुदमरत होती! मी धावत पुढे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. सुदैवानं ते खरं होतं.

"साहेब, हा आमचा दुसरा भाग! जेलीफिशच्या भाऊबंदांत अशी वसाहत असते. दिसायला एक प्राणी, पण असतात पुष्कळ जीव एकाच दोरीला लटकलेले! कोणी खायचं काम करतो, कोणी डंख मारतो, कोणी नुसता तरंगतो!"

"डंख कळला," साहेब गाठोड्यातून म्हणाले. "मी यात काय करतोय?"

"आपण... तरंगताय, साहेब!"

साहेब हसायला लागले. साहेब हसले की गाठोडं हले, गाठोडं हललं की मोठ्या बाई हलत. "अहो, हे तर हुबेहूब आमचं खातं!" साहेब डोळे पुसत म्हणाले. "ही नाडीची करामत कोणाची?"

मी "माझी" म्हणायला तोंड उघडलं.

"माझी!" सासूबाई पुढे आल्या. "आणि कात्री नका आणू कोणी! चांगली नाडी आहे!" असं म्हणत त्यांनी सगळ्या गाठी भराभर सोडवल्या आणि नाडी बोटांवर गुंडाळून कमरेला खोचली. आठ पोरी, एक मुख्याध्यापिका, एक साहेब, कोणालाही खरचटलं नाही. साहेब बघतच राहिले. त्यांनी खरोखर तोंडात बोट घातलं होतं. पण ते टाचणी टोचलेलं बोट होतं.

महिन्याभरानं हुकूम आला. कायम जागा शिवण शिक्षिकेला. सासूबाईंना!

"जागा घरातच आली ना? मग झालं तर!" आमचे हे म्हणाले. त्या रात्री त्यांनी स्वतःच्या हातानं वाढून घेतलं.

पुढे भोंगा रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करू लागली. तिला कर्णा लागत नसे म्हणतात. चिमणी आठ जणींत सगळ्यात आधी परदेशी गेली. साहेब बढती मिळून मोठे अधिकारी झाले आणि तरंगत राहिले. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, पण निरोप समारंभातही माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मेंदू नाही काय?"

सासूबाईंनी बारा वर्षं शिवण शिकवलं. शिक्षकांच्या खोलीत पंख्याखालची खुर्ची त्यांची, दाराजवळचं स्टूल माझं. मला कायम व्हायला आणखी चार वर्षं लागली. तेव्हा ज्येष्ठ शिक्षिकेचा शेरा आवश्यक असे. तो सासूबाईंनीच लिहिला: "शिकवते बरी. गाठ मात्र मारता येत नाही."

खोटं कशाला बोलू? आजही माझ्या बुटांच्या नाड्या नात बांधून देते.