किसनआप्पांची पाच बोटं

आमच्या पालममध्ये किसनआप्पांना राम राम घातला, तर उत्तर लगेच मिळायचं नाही. आधी ते उजवा हात डोळ्यांसमोर धरायचे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बोटं मोजायचे आणि पाच भरली की मग म्हणायचे, "खरं हाय. राम राम, गुरुजी!"

मी शाळामास्तर, आप्पा माझे शेजारी. वय सत्तरीचं, शेरडं आठ, दात त्याहून कमी. वर्षभरापूर्वी त्यांनी मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ पाहिला. स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं माणसाला कळू शकतं आणि मग तिथं हवं ते करता येतं, असं त्यात सांगितलं होतं. फक्त रोजचा नेम हवा. जागेपणी सारखी बोटं मोजायची, म्हणजे सवयीनं ती स्वप्नातही मोजली जातात, आणि तिथं ती पाच भरत नाहीत. दिसेल ती पाटी दोनदा वाचायची. स्वप्नात अक्षरं बदलतात. उठल्याबरोबर स्वप्न वहीत लिहायचं. देवाधर्मात आप्पांनी कधी नेम पाळला नव्हता, पण हा पाळला. झोपताना जपमाळ घेऊन एकशे आठ वेळा "आज मला सपनात कळंल" म्हणायला लागले.

"पण हा खटाटोप कशासाठी, आप्पा?"

"काम हाय सपनात. एकच हाय, पर ऱ्हायलंय."

यापुढे अक्षर बोलायचे नाहीत. मला वाटायचं, यांना उडायचं असेल.

या नेमानं सगळे बेजार झाले. बोरीला एका लग्नात आप्पा नवरदेवाच्या कानाशी लागून म्हणाले, "बोटं मोजून घी, सपान आसंल." तो बिचारा भर मंगलाष्टकांत मोजायला लागला. झालं, पोराच्या हातात काहीतरी खोट आहे अशी मुलीकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. मुलीच्या मामानं त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, तेव्हा कुठं अंतरपाट निघाला.

रोज सकाळी ते भिंतीपलीकडून मला वही वाचून दाखवायचे.

"रातच्याला आपलं बोकड तलाठी झालं हुतं."

"मग तरी कळलं नाही, स्वप्न आहे म्हणून?"

"कसं कळावं? उद्या या म्हणलं की ते!"

एकदा तर स्वप्नात बोटं मोजली आणि सात निघाली. मी उतावीळ होऊन विचारलं, "मग?"

"मग काय, म्हणलं वाढली आसतील."

मी पोट धरून हसलो. इतकं हसलो, त्याचं आता वाईट वाटतं.

माघात एके सकाळी आम्ही दोघं गंगाखेडला जायला स्टँडवर उभे होतो. गाडी लागली. आप्पांनी पाटी वाचली, 'गंगाखेड'. नेमाप्रमाणे पाठ फिरवली. तेवढ्यात ड्रायव्हरनं पाटी बदलली. आप्पा वळले, तर 'राणीसावरगाव'!

"बदललं! गुरुजी, बदललं!"

"अहो आप्पा, ड्रायव्हरनं..." मी म्हणेपर्यंत खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत पडला होता आणि आप्पा कोपरं मारत गाडीत चढले होते. आता हे टपावरून उडी घेतात की काय, म्हणून मी मागं धावलो.

आप्पा उडाले नाहीत. खिडकीच्या जागेवर टॉवेल अंथरून स्वतः अलीकडे बसले होते. एक पोतंवाला म्हणाला, "सरका की आत."

"न्हाई. जागा धरलीय. बायको यायलीय."

आप्पांच्या गयाकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि गाडीतली निम्मी माणसं त्यांच्या मातीला आलेली होती. पोतंवाला पोतं उचलून मागं गेला.

"आप्पा," मी हळूच म्हटलं, "बोटं मोजा."

त्यांनी मोजली. पुन्हा मोजली.

"पाचच हायती," ते म्हणाले. मग टॉवेल गोळा करून मांडीवर घेतला. "रोज येती वो सपनात. यष्टीत बाजूला बसती. तिला गाडी लागायची, लय तरास हुता. पर मला तंबाखू थुकायला खिडकी पायजे. जन्मभर पदर तोंडाला धरून हितं अलीकडं बसली. 'तू बस खिडकीला' म्हणून एकदा उठलो न्हाई. सपनात बी खिडकीला मीच. ती गेलीय, हे मला तिथं कळतच न्हाई. कळलं की उठंन. तेवढंच काम हाय."

मी त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं. त्या दिवशी गंगाखेड राहिलंच.

परवा सकाळी आप्पा भिंतीशी आले. मी राम राम घातला आणि सवयीनं थांबलो. त्यांनी बोटं मोजलीच नाहीत.

"राम राम, गुरुजी. काल उठलो."

"म्हणजे कळलं तर, स्वप्न आहे ते!"

"न्हाई वो. बोटं मोजायचं ध्यानातच न्हाई ऱ्हायलं. ती गाडीत आली अन् मी खिडकीवरनं उठलो."

"काकू काय म्हणाल्या?"

"काईच न्हाई. बाहेर बगत बसली." आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "पदर मांडीवर हुता."