फायलीचं आडनाव

पुसदला आमच्या शेजारी राहणारे वामनकाका आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी त्याच्या फायलीचं आडनाव विचारतात. नावातल्या टिंबानंतरची अक्षरं म्हणजे आडनाव. सत्यनारायणाचं आमंत्रण फोनवर पाठवलं, तर "हे वेबपी कायले पाठवलं? जेपीजी पाठव," असं उत्तर आलं. पूजेला मात्र वेळेवर हजर! गल्ली त्यांना टाळते. मीही टाळायचे, खोटं कशाला सांगू?

गेल्या वर्षी आई गेली. तिचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता. गल्लीतल्या बायकांसोबत तिने म्हटलेली भुलाबाईची गाणी एका छोट्या रेडिओ केंद्राने आपल्या वेबसाइटवर ठेवली होती. मी ती फाइल उतरवून फोन, लॅपटॉप, पेनड्राइव्ह अशी तीन ठिकाणी जपली. मग वेबसाइट बंद पडली आणि तिन्ही फायली मुक्या झाल्या. नावापुढचं एमथ्रीयू खोडून एमपीथ्री लिहून पाहिलं. ढिम्म! शेवटी काकांचं दार वाजवलं.

"आडनाव काहून बदललं?" काका कडाडले. "पाटी बदलली म्हणून किराण्याच्या दुकानात कापड भेटते काय?"

त्यांनी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आत एकच ओळ.

"ह्यात गाणं नाही पोरी, गाण्याचा पत्ता आहे. गाणं तिकडून वाहत येत होतं. तू नुसता पत्ताच जपून राह्यली."

मला तिथेच रडू फुटलं. काका गडबडले, चहा टाकू का म्हणाले, आणि चहा न टाकताच कपाटातून हार्ड डिस्क घेऊन आले. क्षणात आई खोलीभर गाऊ लागली. खणखणीत, मध्येच ताल चुकणारी, माझी आई.

"तुमच्याकडे कशी ही?"

"रेडिओवाल्याइकडे तीन चकरा मारल्या. मूळची वेव्ह फाइल मागून आणली. एमपीथ्री लहान होते, पण बारीक आवाज गाळून टाकते."

"इतका बारीक आवाज कोणाला ऐकायचाय, काका?"

त्यांनी हाताने मला थांबवलं. गाणं संपलं होतं. बायकांच्या गलक्यामागे कुणीतरी हळूच हसलं.

"मंदा," काका म्हणाले. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती. "तिले गाता येत नव्हतं. मागं बसे नुसती. माह्यापाशी तिचं एवढंच आहे."

त्यांनी ती अख्खी फाइल माझ्या पेनड्राइव्हवर घालून दिली. आईला परत आणून देणाऱ्या माणसाला काय म्हणतात मला ठाऊक नाही. मी त्यांच्या पाया पडले.

"राहू दे, राहू दे," म्हणत काकांनी गाणं पुन्हा मागे नेलं, अगदी शेवटच्या चार सेकंदांवर.