अहिररावकाकांची चाचणी फेरी

गेल्या डिसेंबरात एका सोमवारी सकाळी, नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या अहिररावकाकांनी कांद्याची गोणी व्हीलचेअरमध्ये बसवली, तिला पट्टा बांधला आणि फूटपाथवरून फिरवून आणली. पुढे ते रोजच तिला नेऊ लागले.

पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी थांबवून भाव विचारला.

"विकायची नाय. पॅसेंजर आहे," काका म्हणाले.

काका मूळचे सटाण्याचे, एसटीत कंट्रोलर होते. अजूनही समोर पन्नास प्रवासी खोळंबल्यासारखे बोलतात. खुर्ची मालतीकाकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची. अर्धांगवायूनंतर काकूंचा उजवा पाय उचलत नाही. त्यांची थोरली बहीण याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहते. ती अंथरुणाला खिळलेली. वर्षभर दोघी फक्त फोनवर बोलत होत्या. रिक्षात बसायचं तर कुणीतरी उचलायला हवं, आणि ते काकूंना मान्य नाही. "मी काय गोणी आहे?" त्या म्हणतात.

म्हणून काकांनी आधी गोणीच पाठवून बघायचं ठरवलं. तिचं वजन काकूंपेक्षा थोडं कमी आहे, असं ते सांगतात. काकूंसमोर सांगत नाहीत.

फेरी संपली की दारातूनच घोषणा होई, "मार्ग बंद आहे." कधी पाणीपुरीची गाडी, कधी उघडं चेंबर, बहुतेकदा फूटपाथवर लावलेल्या मोटारसायकली. त्यांच्याबद्दल काकांनी इतके अर्ज केले की महापालिकेच्या ऑफिसातली माणसं काकांना बघून चहाला उठत. शेवटी कामगार आले आणि फूटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवून गेले. मोटारसायकली बंद झाल्या. खांबांमधून खुर्चीही जाईना.

काका पुन्हा ऑफिसात गेले. मी सोबत होतो.

"तुम्हीच मागितलं होतं ना, काका?" साहेब म्हणाले.

काका परत फिरले.

मार्चमध्ये बहीण फोनवरही बोलेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू साडी बदलून, भिंतीला धरत खुर्चीत येऊन बसल्या.

"मार्ग बंद आहे," काका म्हणाले.

"तुमचा मार्ग खुला होईस्तोवर ताई राहायची नाही. चला."

मी पुढे चाललो. खांबांपाशी काका थांबले.

"रस्त्यावर घ्या," काकू म्हणाल्या.

काकांनी खुर्ची उलटी फिरवून कडेवरून खाली उतरवली. मागे पाण्याचा टँकर, त्याच्या मागे सिटी बस. दोघांचे हॉर्न सुरू होते. मी वाहनांना हात दाखवत पुढे होतो.

बहिणीच्या मुलाने दाराच्या पायरीवर फळी टाकून ठेवली होती. त्याने काकूंची खुर्ची आत नेली. बराच वेळ त्यांचा एकटीचाच आवाज येत होता. मग बहिणीचाही आला.

काका आत गेले नाहीत. बाहेर फूटपाथच्या कडेवर बसले. मी पाणी आणलं. त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला, अर्धं पाणी प्यायले आणि उरलेलं तोंडावर मारलं.