हुमणीच्या डोक्यावर कुरडया

रेल्वेतून निवृत्त झालेले रामकृष्णराव रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या आपल्या अंगणात दरवर्षी वांगी लावायचे आणि हुमणी ती दरवर्षी खायची. मातीतली ही जाडजूड पांढरी अळी मुळं कुरतडते आणि हिरवंगार झाड एका सकाळी मान टाकतं. यंदा वनमालाबाईंनी निक्षून सांगितलं, "या साली वांगं नाही लागलं, तं मी तिथं फरशी टाकून घेईन."

"एक अळी जिती राहिली, तं नाव बदलजो माझं," राव म्हणाले. उपाय काय, ते मात्र सांगेनात. बायकोला चकित करायचं होतं.

मे महिना लागताच त्यांनी माती भिजवली, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं आणि कडा मातीत गाडल्या. आता महिनाभर रायपूरचं ऊन आतल्या अळ्या उकडून काढणार होतं. राव समाधानाने झोपले. उठून पाहतात तर काय, प्लास्टिकभर कुरडया!

"हे काय करून राहिली तू?"

"इतकं साफ प्लास्टिक, इतकं ऊन. जन्मात पहिल्यांदा न सांगता माझ्यासाठी काही केलं तुम्ही," बाई म्हणाल्या. चेहरा असा उजळला होता, की रावांच्या तोंडातली हुमणी तोंडातच राहिली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या विमलादीदी बडीची, म्हणजे सांडग्यांची, परात घेऊन हजर. "भैयाजी, आपने तो पूरे पारे का काम आसान कर दिया." मग साबुदाण्याचे पापड आले, मिरच्या आल्या. मातीला तिळाएवढं ऊन दिसेना. वर रावांच्या हातात काठी देऊन त्यांना कावळे हाकायला बसवलं. तापलेल्या ओट्यावर बसून राव दातओठ खात होते. हुमणी आवडीने खाणारा अख्ख्या तात्यापाऱ्यात एकच प्राणी होता, आणि त्यालाच ते दिवसभर हुसकावत होते.

महिन्याने प्लास्टिक उचललं. गार, ओल्या सावलीत अळ्या बोटाएवढ्या झाल्या होत्या. बाईंनी वाकून पाहिलं. रावांनी पडेल आवाजात विचारलं, "फरशीवाल्याले बोलावू काय?"

"कायले? फरशीवर कुरडई चिकटते, प्लास्टिकवरची कशी अल्लाद निघते. राहू द्या तुमची बाग."

रावांचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत बागेच्या बाजूने बाई पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

"फक्त तिच्यात काही लावू नका," बाई म्हणाल्या.