इस्माईलचाचांचा पिवळा मुदीर

इस्माईलचाचांच्या माशाच्या टाकीत मी एक बादली समुद्र ओतला.

त्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. ओतताना मलाही तसंच वाटलं होतं. टाकी खाऱ्या पाण्याची, मासा समुद्रातला, आणि समुद्र चाचांच्या मागल्या दारी. पण रेवदंड्यात राहून घरी समुद्र बनवणारे चाचा हे एकमेव गृहस्थ असावेत. मशीनमधून पाणी गाळून घ्यायचं, त्यात पाकिटातलं खास मीठ घालायचं, ढवळत बसायचं आणि मग त्यात खारटपणा मोजायचा मीटर बुडवून, डोळ्यांवर चष्मा चढवून, आकडा बघायचा. मी एकदा म्हटलं, "चाचा, पलीकडे फुकटचा समुद्र आहे की!" चाचांनी खाडीच्या तोंडाशी लागलेल्या होड्यांकडे हनुवटी उडवली. "त्यात डिझेल हाय, गाळ हाय, आख्ख्या बंदराची घाण हाय. माझा मुदीर त्यात ऱ्हाईल?"

मुदीर हा टँग जातीचा मासा. लिंबासारखा पिवळाजर्द, ताटलीसारखा चपटा, पुढे चोच काढल्यासारखं तोंड. अरबीत मुदीर म्हणजे मॅनेजर. हा मासा दिवसभर टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतो, प्रत्येक दगडापाशी थांबून तपासणी करतो आणि स्वतः काडीचं काम करत नाही, म्हणून मुदीर. चाचा मस्कतला ज्या हॉटेलात कामाला होते, तिथला त्यांचा मॅनेजरही असाच होता म्हणे. त्याच्या शेपटीजवळ मात्र काटा नव्हता. या मुदीरच्या आहे. वस्तऱ्यासारखा.

चाचांनी उभा जन्म मस्कतला काढला. एसी दुरुस्तीचं काम. त्या हॉटेलच्या दारातच भिंतभर माशांची टाकी होती आणि तिचं पाणी थंड ठेवणारं यंत्र चाचांच्या गळ्यात पडलं होतं. यंत्र बघता बघता ते मासे बघायला लागले. सुट्टी मिळायची दोन वर्षांनी एकदा. मुलगा इम्रान प्रत्येक खेपेला हातभर वाढलेला दिसायचा, आणि चाचींच्या पदराआडून "हे कोण?" असं बघायचा. कायमचे परत आले तेव्हा इम्रान पनवेलला नोकरीला लागलेला. चाचींनी दोन-तीन पावसाळे काय ती सोबत केली, आणि त्या गेल्या. त्यानंतर एक दिवस मुंबईहून टेंपो आला आणि चाचींच्या शिलाई मशीनच्या जागी ही टाकी बसली.

गावाला तेव्हापासून विषय मिळाला. आमच्या आळीत माशांची पाटी घेऊन येणारी कुसुम रोज त्यांच्या खिडकीशी थांबून विचारायची, "चाचा, याला तलायचा कवा?" चाचा तिच्याकडून बोंबील घ्यायचे, ते पडद्यामागच्या स्वयंपाकघरात नेऊन साफ करायचे. मुदीरच्या डोळ्यांदेखत त्यांनी कधी मासा कापला नाही. लाईट गेली की इन्व्हर्टरवर टाकीचे पंप चालायचे आणि चाचा समोर बसून वर्तमानपत्राने वारा घ्यायचे. पंखा लावायला सांगितलं तर म्हणायचे, "माफी मुश्किल."

हे त्यांचं पालुपद. काही अडचण नाही, असा त्याचा अरबी अर्थ. छप्पर गळतंय? माफी मुश्किल. गुडघा धरलाय? माफी मुश्किल. मी एकदा त्यांच्या टेबलावरच्या बशीतले काळेहिरवे कुरकुरीत कागद मस्कतचा पापड समजून खाल्ले. तिसरा उचलताना चाचा म्हणाले, "खा, जगूभाऊ, खा. मुदीरपन आवडीनं खातो." ते वाळवलेलं शेवाळ होतं. कपडे वाळत घालायच्या चिमट्याला लावून चाचा ते टाकीत सोडायचे आणि मुदीर म्हशीसारखा चरत राहायचा. मी दोन कागद गिळून बसलो होतो. "माफी मुश्किल," चाचा म्हणाले, "पोट साफ होईल." झालं.

इम्रान मुलगा लाखात एक. दर जुम्म्याला फोन करायचा. "अब्बा, एकटे काय करता तिथे? तुमची खोली तयार आहे." चाचांचं उत्तर ठरलेलं, "येतो रे. पन मुदीरला कोन बघनार?" शेवटी इम्रानही वैतागला. एकदा गावी आला असताना माझ्यासमोरच म्हणाला, "ठीक आहे. हा मासा आहे तोवर रहा इथे. मासा गेला की मी एक ऐकणार नाही. घराला कुलूप आणि सरळ पनवेल." चाचा हसले, पण उठून मुदीरच्या टाकीचं झाकण नीट बसवलं. ते नीटच बसलेलं होतं.

मग इम्रानने नवा फ्लॅट घेतला. दुआ पढायला अब्बा हवेतच. आता नाही म्हणायला जागा नव्हती, आणि मी पुढे होऊन म्हणालो, "चाचा, निर्धास्त जा. चांगले आठवडाभर रहा. मी आहे ना!" माझी बायको सुनंदा शेजारीच उभी होती. तिने कपाळावर हात मारला, तेव्हा ती डास मारतेय असं मला वाटलं.

काम सोपं होतं. चिमट्याला शेवाळ लावायचं आणि टाकीतलं पाणी खुणेच्या रेघेखाली उतरलं की चाचांनी मशीनमधून गाळून ठेवलेलं कॅनमधलं पाणी घालून रेघेला आणायचं. पण आमच्या आळीतल्या नळाला मचूळ पाणी येतं आणि कॅनमधलं पाणी असं गोड, की त्याचा चहा फारच फर्मास होत होता. मुदीरसमोर बसून मी एकट्याने इतका चहा प्यायलो की तिसऱ्या दिवशी कॅन कोरडा. रेघ उघडी पडलेली. मी विचार केला, खाऱ्या टाकीला खारं पाणी. बादली उचलली आणि बंदरावर गेलो.

"काय ओ काका," कुसुम ओरडली, "दर्या घरी नेताव का?"

मी तिला हात केला. आणि चाचांच्या घरी येऊन बादली ओतली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील पेणकडच्या मिठागरावर कामाला होते. ऊन पाणी नेतं आणि मीठ मागे ठेवतं, यावर आमचं घर चाललं. टाकीतलं पाणीही तसंच उडतं, मीठ टाकीतच राहतं, म्हणून वरून घालायचं ते गोडं पाणी. हे मला कळायला हवं होतं. मी त्या मिठावर वाढलेला माणूस.

दुपारी मुदीर फेऱ्या मारेना. दगडाच्या कपारीत तिरपा अडकून बसला, अंगाचा पिवळा रंग उतरून मळकट झालेला, कल्ले भराभर हलत होते. मी काचेवर टकटक केली. "मुदीरसाहेब," म्हटलं, "रागावलात का?" मग इम्रानचं ते वाक्य आठवलं. मासा गेला तर चाचांचं घरही गेलं. आणि ते मी घालवलेलं.

फोन लावला. सगळं सांगितलं, चहासकट. मी "माफी मुश्किल"ची वाट बघत होतो.

"मुश्किल हाय," चाचा म्हणाले. "लई मुश्किल हाय. मी निघतो." आणि लगेच, "आधी ती बादली खाली ठेवा."

ती खरोखरच माझ्या हातात होती.

पनवेलहून एसटीने अलिबाग, अलिबागहून रिक्षा. चाचा उतरले ते पायातली चप्पल न काढता टाकीपाशी गेले, मग परत दारात येऊन चप्पल काढून गेले. मीटर बुडवला, आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं नाही. मशीन चालू केलं. टाकीतलं थोडं पाणी काढायचं, तयार केलेलं थोडं घालायचं, थांबायचं. घाई केली तर मासा त्या धक्क्यानेच जाईल. मी चहाचं विचारलं. त्यांनी नुसतं बघितलं. मी बसलो.

टाकीसमोर स्टुलावर बसून, कपारीकडे डोळे लावून, चाचा बोलायला लागले. माझ्याशी की मुदीरशी, सांगता येणार नाही.

"लई चांगली पोरं हायत. सूनबाई तर बोलायलाच नको. पानी घ्यायला उठलो, 'अब्बा, तुम्ही बसा.' भांडं उचललं, 'अब्बा, तुम्ही बसा.' त्यांच्या एसीतून आवाज येत होता. पंख्याचा स्क्रू ढिला, दुसरं काय न्हाय. मी पान्हा मागितला तर म्हनतात, 'अब्बा, तुम्ही बसा, माणूस येईल.' आला एक मानूस. मी सोफ्यावर बसून बघितला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सुट्टीवर यायचो ना, तवापन असंच. तुमची चाची म्हनायची, पावना हायस, बस."

चष्मा चढवून त्यांनी पुन्हा मीटर बुडवला.

रात्र सरून उजाडायला लागल्यावर कपारीतून एक चोच बाहेर आली. मग एक डोळा. चाचा हलले नाहीत. मुदीर सावकाश काचेपाशी आला, चाचांच्या नाकासमोर थांबला आणि त्यांना वरपासून खालपर्यंत तपासून गेला. चाचांनी चिमट्याला शेवाळ लावून टाकीत सोडलं. "यल्ला, मुदीर, चल," ते हळूच म्हणाले. "आलो मी."

मुदीर वाचला. मी पुढचे कित्येक दिवस त्यांच्या खिडकीसमोरून मान खाली घालून जात होतो.

ईद आली. इम्रान स्वतः गाडी घेऊन हजर. चाचा इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दारात उभे राहिले आणि घराची चावी माझ्यापुढे धरली. मी दोन पावलं मागे सरलो. "चाचा, मी नको. तो मेडिकलवाला विनायक आहे ना, त्याला द्या. अगदी मापाने वागणारा माणूस. त्याच्या हातून कणभर चूक व्हायची नाही."

"तेच तर," चाचा म्हणाले. इम्रान गाडीत सामान ठेवत होता, त्याच्याकडे बघत त्यांनी आवाज उतरवला. "पानी काय ते मी भरून ठेवलंय. बादली कपाटात हाय, कपाटाला कुलूप हाय. तुम्ही टाकीला हात लावू नका. परवाच्या दिवशी फकस्त फोन करा."

"फोन करून सांगू काय?"

"कायतरी बिघडलंय, लगेच या, असं सांगायचं." त्यांनी चावी माझ्या हातात कोंबली आणि मूठ मिटवली. "विनायकचा फोन आला तर इम्रान विचारील, खरंच कायतरी झालं का? तुमचा आला की कोन विचारनार न्हाय. जगूभाऊ, तुमच्याइतका भरवशाचा बावळट आख्ख्या रेवदंड्यात दुसरा न्हाय."