होळीपर्यंत उठवू नये

तुळशीचं लग्न लागलं आणि दुसऱ्याच दिवशी रावसाहेब मगदुमांच्या लाल स्पोर्ट्स कारने हिवाळाभर झोपायला जात असल्याचा रीतसर अर्ज दिला. अर्ज ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलेला होता, तीन प्रतींत, आणि खाली सहीच्या जागी उजव्या पुढच्या चाकाचा ठसा होता. 'माझा जन्म बर्फाच्या मुलखातला असून हिवाळ्यात झोपण्याची आमच्याकडे पद्धत आहे. तरी मला होळीपर्यंत उठवू नये, ही विनंती.' एवढाच मजकूर.

रावसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि का जाऊ नये? सांगलीत ही गाडी चालवायची तरी कधी? उन्हाळ्यात टप उघडून बसलं की टाळू भाजून निघायची. पावसाळ्यात रस्त्याला खड्डे, आणि हिचं पोट जमिनीला टेकलेलं. साधा स्पीडब्रेकर आला तरी रावसाहेबांना उतरून, वाकून बघावं लागायचं. हाताशी उरायचा तो एकटा हिवाळा. हळदीच्या पेढीवर बसून वर्षभर त्यांनी त्याचीच वाट बघितली होती, कारण सव्वीस डिसेंबरला त्यांच्या लग्नाला तीस वर्षं होणार होती.

तीस वर्षांपूर्वी त्यांनी पद्माला तासगावहून सांगलीला आणलं ते बसमधून, मागच्या चाकावरच्या सीटवर बसवून. नवरीच्या मांडीवर रुखवतातली परात होती. सासऱ्यांनी तेव्हा चारचौघांत टोमणा मारला होता, "पाव्हणं, माझ्या लेकीला एकदा तरी मोटारीतून न्या." रावसाहेबांनी तिथल्या तिथं शब्द दिला, की नेईन तर लाल मोटारीतून नेईन, तीही उघड्या टपाच्या. मधल्या काळात दोन पांढऱ्या गाड्या झाल्या, पण शब्द लाल गाडीचा होता. सासरे आता सत्याऐंशीचे झाले होते आणि दर रविवारी फोन करून एकच विचारत होते, "कधी येताय लाल गाडीतून?"

अर्ज मुठीत चुरगळून रावसाहेब तडक जिल्हा वाहन विश्रांती कार्यालयात गेले. तिथले निरीक्षक बिडकर यांनी तो टेबलावर तळहाताने सपाट केला आणि दोनदा वाचला.

"अर्ज नियमात आहे," ते म्हणाले. "कलम चार. अर्जदार वर्षभर सेवेत असावा."

"सेवेत? अहो, वर्षभर ती शेडमध्ये उभी आहे! मीच तिला पुसतोय!"

"उभं राहणं हीसुद्धा सेवाच, साहेब. आम्ही पण तेच करतो."

"आणि माझं काय? मालक आहे मी तिचा!"

"कार्यालयाच्या दृष्टीनं तुम्ही चालक. चालकाचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यावं, असा नियम आहे. त्यानं निर्णयात फरक पडत नाही. पण मी ऐकतोय, बोला."

रावसाहेब पाऊण तास बोलले. बिडकरांनी मध्ये एकदाही जांभई दिली नाही. शेवटी रावसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "अहो, हिवाळा कुठाय सांगलीत? दुपारी पंखा लावतो आम्ही! झोपायचंच होतं तर बर्फाच्या गावात राहायचं होतं तिनं!"

हा मुद्दा मात्र बिडकरांना पटला. हिवाळा आहे की नाही याचा जागेवर पंचनामा करावा लागेल, असं त्यांनी सांगितलं आणि गुरुवारी सकाळी आठची वेळ दिली.

गुरुवारी पावणेआठला रावसाहेब फाटकात उभे. थर्मामीटर त्यांनी स्वतः विकत आणला होता. त्यात एकोणीस अंश दिसत होते.

"बघा!" ते विजयी आवाजात म्हणाले. "एकोणीस! याला कुणी हिवाळा म्हणेल?"

"आकडा आम्ही धरत नाही," बिडकर म्हणाले. "रहिवासी थंडी मानतात का, ते बघायचं." आणि ते गल्लीतून चालू लागले. दूधवाल्याने माकडटोपी घातली होती. कोपऱ्यावर चौघेजण शेकोटीला हात दाखवत बसले होते. समोरच्या आजोबांनी स्वेटरवर स्वेटर चढवला होता. बिडकरांनी सगळं लिहून घेतलं आणि मग पेन तसंच धरून रावसाहेबांकडे बघितलं.

रावसाहेबांनी कानटोपी, मफलर, अर्ध्या बाह्यांचं जाकीट आणि चपलेत पायमोजे घातले होते. बिडकर काय बघतायत ते त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. "हे सवयीचं आहे!" ते ओरडले, आणि कानटोपी आणि मफलर त्यांनी ओढून काढून तुळशीवृंदावनावर फेकले. त्यानंतर त्यांना लागोपाठ तीन शिंका आल्या.

आतून पद्माबाईंचा आवाज आला, "अहो, कान झाका आधी! केवढी थंडी पडलीय, बाधेल ना!"

"घरच्या व्यक्तीचा जबाब," असं पुटपुटत बिडकरांनी शेवटची ओळ लिहिली. गाडीला होळीपर्यंत झोप मंजूर झाली.

मंजुरीसोबत नियमांचा एक आणि चालकाने करायच्या कामांचा एक, असे दोन कागद होते. रावसाहेबांनी ती कामं केली, पण प्रत्येक काम दात-ओठ खात केलं. गाडी धुऊन कोरडी पुसली. जुनं तेल काढून नवं घातलं. आत ओल धरू नये म्हणून पेट्रोलची टाकी गळ्यापर्यंत भरली. हँडब्रेक चिकटू नये म्हणून सोडून ठेवला आणि चाकांना लाकडी ठोकळे लावले. बॅटरीला बारीक चार्जर जोडला, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या नळीत कापडाचा बोळा घातला, आणि वर मऊ सुती कव्हर घातलं, कारण प्लॅस्टिकमध्ये तिला घाम येतो असं कागदात लिहिलं होतं. एकाच जागी भार पडून टायर चपटे होतात, म्हणून दर पंधरवड्याला तिला ढकलून चाकं पाव फेरा फिरवायची होती. बिडकरांच्या कागदात या कामाला 'कूस बदलणे' म्हटलं होतं.

"माझी कूस कुणी बदलतं का?" रावसाहेब गाडीवर खेकसले. खेकसले तेही हळू आवाजात, कारण कलम नऊप्रमाणे शेडच्या आसपास गोंगाटाला मनाई होती. शेडची भिंत स्वयंपाकघराला लागून होती. म्हणून मिक्सर बंद झाला, मिक्सर बंद म्हणून चटणी बंद झाली, आणि पद्माबाई तीस वर्षांत पहिल्यांदा सकाळी सात वाजता नुसत्या खुर्चीवर बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी नियमांचा कागद वाचून काढला.

"अहो," त्या म्हणाल्या, "यात कुठंही 'वाहन' असं लिहिलेलं नाही. नुसतं 'अर्जदार' लिहिलंय."

"मग?"

"मग माझा एक अर्ज न्या."

रावसाहेबांना वाटलं, थट्टा चाललीय. पण अर्ज तयार होता, तीन प्रतींत. ते उखडलेच. "तुला कसली झोप? तू काय गाडी आहेस?"

"गाडी असते तर बरं झालं असतं," पद्माबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी का होईना, कुणीतरी येऊन बघितलं असतं."

"आणि सव्वीस तारीख? लाल गाडी? मी शब्द दिलाय!"

"तो बाबांना दिलाय तुम्ही. मला कुणी विचारलं होतं का? मला तेव्हाही बसमध्ये झोपच आली होती. पण मांडीवर परात होती."

रावसाहेबांनी अर्जाची घडी करून खिशात घातली. मग त्यांनी कानटोपी घातली आणि ते कार्यालयात गेले.

बिडकरांनी अर्ज दोनदा वाचला. "पंचनामा पुन्हा नको. तोच पत्ता, तोच हिवाळा," ते म्हणाले. "वर्षभर सेवा?"

"तीस वर्षं," रावसाहेब म्हणाले.

"चालक म्हणून तुमचं नाव टाकलंय त्यांनी. काही म्हणणं आहे का? मी ऐकून घेईन."

"नाही," रावसाहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

सव्वीस डिसेंबरला सकाळी त्यांनी शेडमध्ये जाऊन गाडी पाव फेरा ढकलली. मग आतल्या खोलीत जाऊन पद्माबाईंच्या पायांवरची सरकलेली गोधडी नीट केली आणि उन्हाची तिरीप तोंडावर येत होती म्हणून पडदा ओढला. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून भात पातेल्यात टाकला. दूधवाल्याने फाटक आपटलं तेव्हा ते अनवाणी धावत बाहेर गेले आणि त्यांनी त्याला असं काही झापलं, की त्याने माकडटोपी काढून माफी मागितली. लोकांना काही अक्कल आहे की नाही! घरात कुणी झोपलंय, जरा बेतानं वागावं, एवढं साधं कळू नये?

तेवढ्यात फोन वाजला. दुसरी रिंग व्हायच्या आत त्यांनी तो उचलला.

"पाव्हणं!" तासगावहून सासरे गरजले. "सव्वीस तारीख उजाडली! मी फाटकात खुर्ची टाकून बसलोय. कुठाय ती लाल गाडी? आणि पद्मी कुठाय?"

रावसाहेबांनी फोनभोवती तळहात धरला.

"मामा, हळू बोला," ते रागाने कुजबुजले. "दोघी झोपल्यात."