गोश्ताबा झाला की उठायचं

भरल्या पंगतीतून जेवणाऱ्याला दंडाला धरून उठवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे काश्मीरचाचा. आणि ज्याला उठवलं तो कुणी लुंगासुंगा नव्हता, गावचा पाटील होता.

जहागिरीच्या पेशकाराला मुलगा झाला म्हणून देवडीत, म्हणजे जहागीरदारांच्या वाड्यात, जेवण होतं. रांधायला चाचा. सगळं वाढून झाल्यावर त्यांनी दह्याच्या पांढऱ्या रश्शातला मटणाचा एकेक मोठा गोळा प्रत्येकाच्या ताटात ठेवला. आमच्याकडचा पाहुणा तोवर कुठं मांडी सैल करतो. पाटलांनी गोळा गट्ट केला आणि हाक मारली, "चाचा, भात आना जरा." चाचांनी पातेलं खाली ठेवलं, पंगतीत शिरले आणि पाटलांचा दंड धरला.

"गोश्ताबा हो गया, पाटीलसाब. अब उठो."

"आवं, भात मागतोय म्या!"

"भात पहले मांगना था."

पाटील उठले. उठावंच लागलं, कारण जन्मभर मटण कुटलेला हात होता तो. पुढं दोन वर्षं पाटील देवडीच्या रस्त्यानं गेले नाहीत. रानात जायला अर्ध्या कोसाचा वळसा पडायचा, तो घालून जायचे.

परंड्यापासून बैलगाडीनं दीड तासावर आमचं गाव. तिथं काश्मीरचा माणूस कुठून आला, असं नवखा माणूस हमखास विचारायचा. हैदराबादचे थोरले जहागीरदार एका उन्हाळ्यात काश्मीरला गेले, तिथं कुणाच्या तरी लग्नात जेवले आणि येताना शाल आणावी तसा एक वाझा घेऊन आले. वाझा म्हणजे तिकडचा आचारी. पुढं थोरले वारले. धाकट्यांना आमलेट आणि कटलेट आवडायचं. त्यांनी चाचांना आमच्या गावच्या देवडीत धाडून दिलं. धाकटे स्वतः इथं वर्षातून एकदा काळविटाच्या शिकारीला यायचे, तेही डबा घेऊन. चाचांना बायको नाही, पोर नाही. सामान म्हणाल तर अक्रोडाच्या लाकडाची एक मोगरी आणि मटण कुटायचा एक गुळगुळीत दगड.

माझं किराण्याचं दुकान. आम्ही लिंगायत. मटणाचं नाव कानावर पडलं तरी माझी आई गळ्यातलं लिंग डोळ्यांना लावायची. चाचा मात्र रोज सकाळी दुकानात हजर. बडीशेप हुंगायचे, नाक मुरडायचे आणि तीच घेऊन जायचे. वर माझीच कीव करायचे. "सेठ, तुमारी जिंदगी बिगर गोश्त की गई. अल्ला माफ करेगा." देवडीच्या परसात त्यांनी कोंबड्याच्या तुऱ्यासारखी लाल फुलं लावली होती. गावातल्या बायका देवाला फुलं मागायला गेल्या तर त्यांना हाकलून द्यायचे. "ये सालन का है!" ती फुलं वाळवून, उकळून त्यांचा रंग ते रश्शाला द्यायचे. गावाला वाटायचं, म्हातारा चिक्कू आहे.

त्यांना एकच ध्यास होता. मरायच्या आत या मुलखात एकदा तरी वाझवान रीतसर वाढायचं. वाझवान म्हणजे त्यांच्याकडचं लग्नाचं जेवण. छत्तीस पदार्थ, तेही ठरलेल्या क्रमानं. आधी पाहुण्यांच्या हातावर तांब्यानं पाणी घालायचं. मग चौघांत मिळून एकच ताट. सगळ्यांत शेवटी गोश्ताबा. तो आला की जेवण संपलं. हात धुवायचे, दुवा मागायची आणि आपापल्या घरी जायचं. पेशकाराच्या जेवणात प्रत्येकाला वेगळं ताट होतं, म्हणून चाचा त्याला जेवण म्हणायलाच तयार नव्हते.

"वाझवान पेट भरने कू नई होता, सेठ. सामनेवाले कू इज्जत देने कू होता. अकेला तो जानवर खाता."

मी म्हणायचो, "चाचा, आमच्या गावात चार जातीची माणसं एका आडावर पाणी भरीनात, ती एका ताटात कुठून जेवतील?" ते गंभीर चेहऱ्यानं एक बोट वर करायचे. "एक मैं. बाकी तीन ढूंडो." वीस वर्षं ते हेच सांगत होते आणि मी हसत होतो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांची एक टोळी देवडीत उतरली. चाचांना रांधायचा हुकूम झाला. त्यांनी रांधलं, पण वाढीनात. म्हणे, बंदुका बाहेर ठेवा, हात धुवा, चार-चार जण बसा. म्होरक्यानं बंदुकीच्या दस्त्यानं त्यांचे पुढचे दोन दात पाडले. दुसऱ्या दिवशी चाचा दुकानात आले तेव्हा बोलताना फटीतून वारा जात होता. "बेतमीज लोगां," एवढंच म्हणाले आणि बडीशेप हुंगू लागले. त्याच टोळीनं त्या आठवड्यात शेजारच्या गावातली दोन घरं माणसांसकट जाळली. मी आईला आणि बायकोला हद्दीपलीकडं बार्शीला पोचवून आलो.

भादव्यात हिंदुस्थानच्या फौजा आल्या. रझाकार पळून गेले आणि त्यांच्या करणीचा सूड ज्यांनी कधी बंदूक धरली नव्हती अशांवर निघू लागला. सीनेकाठच्या गावांतून काय काय कानावर येत होतं ते मी इथं लिहिणार नाही. खोटं असतं तर लिहिलं असतं. मी चाचांना ओढत आणून दुकानाच्या माळ्यावर पोत्यांमागं बसवलं. तिथंही गप्प राहतील तर ना. "सेठ, तुमारी हल्दी पुरानी है."

तिसऱ्या दिवशी दुपारी सात-आठ जण कुऱ्हाडी घेऊन दारात आले. बाहेरगावचे होते. पुढं आमचे पाटील, कारण घरं दाखवायला गावचाच माणूस लागतो.

"आप्पा, त्यो काश्मिरी हाय का आत?"

"न्हाय," मी म्हणालो.

तेवढ्यात माळ्यावर शिंक आली. मी शहाण्यानं चाचांना मिरचीच्या पोत्यांशेजारी बसवलं होतं. पाटलांनी वर पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. पाटील खाकरले आणि मागच्यांना म्हणाले, "आप्पाची म्हातारी हाय वर. मिरच्या निवडतीया. चला, फुडं चला."

माझी आई बार्शीला होती आणि ते पाटलांना पक्कं ठाऊक होतं. पाटील त्या दिवशी पुढं कुठं कुठं गेले ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

आठवड्यानं फौजेची गस्त सुरू झाली तेव्हा गावाबाहेरच्या दर्ग्यात चाळीसेक बायका-पोरं येऊन बसली होती. पुरुष एकही नव्हता. चाचांना हे कळलं आणि ते माळ्यावरून खाली उतरले. अंगावरची हळद झटकली आणि म्हणाले, "सेठ, दावत है."

देवडीतली उरलेली दोन बोकडं त्यांनी कापली. धनगराकडून दही आणलं. माझ्या दुकानातलं तांदळाचं शेवटचं पोतं गेलं आणि घरातल्या दहा पराती गेल्या. त्यांत आईच्या लग्नातल्याही होत्या. त्यांत काय वाढलं गेलं ते मी तिला ती मरेपर्यंत सांगितलं नाही. पहाटेपासून मोगरीचे ठोके चालू होते. छत्तीस कुठले, नऊच पदार्थ झाले. "नऊ तो नऊ," चाचा म्हणाले, "तरतीब सही है." म्हणजे क्रम तरी ठरलेलाच. धुतलेला कुडता घालून त्यांनी एकेकीच्या हातावर पाणी घातलं. एक बाई हातच पुढं करीना. ते तिच्यासमोर तांब्या घेऊन उकिडवे बसून राहिले, ती हात पुढं करेपर्यंत.

एकेका परातीला चौघीजणी बसल्या. मी वास चुकवून लांब कडुनिंबाखाली बसलो होतो. हात परातीतून तोंडाकडं जात होते, पोरांचेसुद्धा. आपण जेवतोय हे त्यांना कळत होतं की नाही, कोण जाणे. चाचा क्रमानं वाढत गेले. आठ पदार्थ झाले. आता फक्त गोश्ताबा राहिला. म्हातारा अखेर जिंकला, असं मला वाटलं आणि इतक्या दुःखातही मला त्यांच्यासाठी बरं वाटलं.

चाचांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. आत पाहिलं. झाकण परत ठेवलं आणि तिथंच उभे राहिले. उपरण्यानं नाक झाकून मी जवळ गेलो.

"चाचा, वाढा की."

"नई."

"का? बिघडला का काय?"

"बिगडा नई." त्यांनी झाकणावर हात ठेवला. "ये दिया तो उठना पडता. उठके किधर जाना इन लोगां ने?"

"अहो, पण त्यांना कुठं ठाऊक आहे तुमची रीत? सगळ्या इकडच्याच बायका. त्यांच्या लेखी ते एक कालवण."

"मेरे कू मालूम है ना, सेठ."

चाचांनी पळी घेतली आणि पहाटेपासून कुटून, मळून, वळून केलेला एकेक गोळा पातेल्यातच फोडायला लागले. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते जेवण त्यांनी आपल्या हातानं अपुरं ठेवलं. एकही गोळा त्यांनी शाबूत सोडला नाही. सगळ्याचं साधं कालवण झालं तेव्हा ते पातेलं उचलून पहिल्या परातीपाशी गेले.

"लो बेटी," ते म्हणाले, "बैठो आराम से. अभी बहुत बाकी है."